कोचामागची खुर्ची

सर बोलत नाहीत, ही सरांची ख्याती होती. बोलून माणसं मोठी होतात, पुढारी होतात, निदान कुणाचे तरी जावई होतात. पण न बोलून प्राध्यापक झालेला माणूस बघायचा असेल, तर वेड्यांच्या इस्पितळाला चिकटून असलेल्या त्या वैद्यकीय महाविद्यालयातच जावं लागे. मानसोपचार विभागाच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून एक खोली होती. खोलीत एक कोच, आणि कोचाच्या उशाशी, जरा मागे, एक खुर्ची. कोचावर माणूस आडवा होऊन मनात येईल ते बोलायचा. खुर्चीत सर बसायचे आणि ऐकायचे. पडलेल्याला ते दिसत नसत, आणि दिसू नयेत अशीच ती रीत होती. विद्यार्थी पाठीमागे त्यांना मौनीबाबा म्हणत.

"मौनीबाबांच्या कोचावर तीन वर्षं पडलो," एखादा जुना विद्यार्थी सांगे, "तेवढ्या काळात सर चार वाक्यं बोलले. पण चारही अशी, की अजून झोपेत आठवतात." ऐकणारे माना डोलवत. ती चार वाक्यं कोणती, हे कोणी विचारत नसे. विचारलं असतं तर त्यातली दोन तरी 'आज इथे थांबू या' अशी निघाली असती.

सर काही पहिल्यापासून असे नव्हते. त्यांचे वडील छापखान्यात यंत्रावर होते आणि घर भावंडांनी भरलेलं, म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं ताट आधी. सर मधले, आवाज बेताचा. त्यामुळे ऐकायची सवय लहानपणीच लागली, त्यात कसला मोठेपणा नाही. डॉक्टर होऊन ते या इस्पितळात आले तेव्हा बायकांच्या वॉर्डात एक म्हातारी होती, तिने अन्न सोडलं होतं. नळी घालून भरवत होते. नवखा डॉक्टर रोज दुपारी तिच्या खाटेशी स्टूल घेऊन बसायचा, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पुटपुटायची, हा ऐकायचा. एके दिवशी तिने त्याच्याकडे तोंड वळवून विचारलं, "तू जेवलास का?" आणि मग स्वतः जेवली. तेवढ्यावर या माणसाने आयुष्य ठरवून टाकलं. माणसं असल्या गोष्टींवर लग्नं ठरवतात, त्यापेक्षा हे बरं.

पुढे ते दूरदेशी जाऊन मनोविश्लेषण शिकून आले. तिथे एका म्हाताऱ्या गुरूच्या कोचावर स्वतः पडून रडून आले. परतल्यावर विभागातल्या लोकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. 'गप्पांचं शास्त्र' म्हणाले. आल्या आल्या त्यांना मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली दिली, तिथे त्यांनी भंगारातून कोच मिळवून आणला आणि सुरुवात केली. हळूहळू टिंगल करणारे निवृत्त झाले, सर विभागप्रमुख झाले, आणि त्यांनी एक नियम घातला: ज्याला मनोविश्लेषक व्हायचंय, त्याने आधी काही वर्षं स्वतः कोचावर पडायचं. दुसऱ्याचं घर झाडायला निघालेल्याने आधी आपला केर काढावा, असं त्यांचं म्हणणं. त्या काळात सर खरंच ऐकत. इतकं ऐकत की एखाद्याचं मागच्या पावसाळ्यातलं वाक्य या पावसाळ्यात त्याच्यापुढे ठेवत, आणि तो माणूस कोचावर उठून बसे.

मग त्यांना ऐकू येईनासं झालं.

पहिली गेली ती कुकरची शिट्टी. बायको बाजारातून आली तर सर स्वयंपाकघराच्या दारात पुस्तक वाचत बसलेले आणि आत कुकर किंचाळतोय. "घर उडालं असतं, अहो!" ती म्हणाली. सर म्हणाले, "वाचनात लक्ष होतं." बायको महाविद्यालयाच्याच रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची, नुसत्या डोळ्यांना दिसतं त्यावर ती कधी विश्वास ठेवत नसे. तरी इथे ती फसली. पुढे ती म्हणायची, "बाहेर जगाचं ऐकतात आणि घरात आमचं ऐकू येत नाही, हे तर सगळ्याच नवऱ्यांचं असतं. म्हणून मी वर्षभर मनावर घेतलं नाही."

सर दुसऱ्या गावी जाऊन कान दाखवून आले. तिथे त्यांनी आपण शाळामास्तर आहोत असं सांगितलं. कानाच्या डॉक्टरने सांगितलं, नस मरत चालली आहे, परत येणार नाही. आधी बारीक आवाज जातील, बायकांचे, मुलांचे. मग बाकीचे. यंत्र लावून बघा. सरांनी यंत्र घेतलं आणि एकच दिवस लावलं. त्यातून पंख्याची घरघर वादळासारखी आली आणि शब्द तसेच, चिखलात बुडालेले. कोचावरच्या माणसाने उठताना मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "सर, कानाला काय झालं?" दुसऱ्या दिवसापासून यंत्र घरी राहिलं.

सांगून टाकायला हवं होतं. हे कळायला मनोविश्लेषक असावं लागत नाही. पण ऐकणं हाच ज्याचा धंदा, त्याने मी बहिरा आहे असं सांगणं म्हणजे धोब्याने मला पाण्याचं वावडं आहे म्हणण्यासारखं. हे वर्ष जाऊ दे, मग कोच बंद करू आणि नुसतं शिकवू, असं सरांनी ठरवलं. ते वर्ष गेलं, दुसरं आलं, तेव्हाही तेच ठरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि गंमत अशी, की मूठ झाकायला त्यांच्या शास्त्रात सोयच होती. बाह्यरुग्ण विभागात माणूस समोर बसतो, त्याचे ओठ दिसतात. सर ओठ वाचायला शिकले, आणि चांगलेच शिकले. वर्गात कोणी प्रश्न विचारला की ते म्हणत, "तुम्हाला काय वाटतं?" प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणं बाकी कुठल्याही धंद्यात उद्धटपणा ठरतो, यांच्यात ती विद्वत्ता ठरते. राहता राहिला कोच. खुर्चीतून दिसायचा तो माणसाचा टाळू, पोटावरचे हात आणि पार तिकडे पाय. पुरुषांचे जाड आवाज अर्धेमुर्धे कळत, उरलेलं सर अंदाजाने भरत. बायकांचं बोलणं म्हणजे नुसती एक लकेर, शब्दांवाचून. मग सर पायांकडे बघत. पायांची बोटं आखडली की काहीतरी दुखतंय. सैल झाली की सर म्हणत, "हं."

लोक बरे होत होते, हे कबूल केलं पाहिजे. सगळे नाही, पण पूर्वी जेवढे होत तेवढे. ही गोष्ट सरांना सुखवायची आणि आतून कुरतडायचीही. आपलं ऐकणं कधीच कामाचं नव्हतं की काय, असा विचार एकदा मनात आला आणि त्यांनी तो दाराबाहेर घालवला. त्याऐवजी त्यांनी विश्लेषकाच्या मौनावर एक निबंध लिहिला. तो फार गाजला. ठिकठिकाणाहून बोलावणी आली. तरुण विश्लेषक हट्टाने गप्प बसायला लागले, आणि त्यांचे रुग्ण म्हणे त्यांच्यावर चिडायला लागले.

छोटी मॅडम आली ती या दिवसांत.

ती नव्याने रुजू झालेली निवासी डॉक्टर. उंची बेताची, म्हणून वॉर्डातल्या मावश्यांनी हे नाव ठेवलं. आवाज तर उंचीहूनही कमी. राऊंडला तिचं म्हणणं ऐकायला सिस्टर पुढे वाकून उभ्या राहत. तिला मनोविश्लेषक व्हायचं होतं, म्हणजे कोचावर पडणं आलं. शिकवणाऱ्याचा कोच त्या महाविद्यालयात एकच होता, सरांचा.

पहिली भेट समोरासमोर झाली. रीतच तशी. छोट्या मॅडमचे ओठ मात्र फार स्पष्ट हलत, आणि सरांना तिचं सगळं कळलं. वडील शिस्तीचे. चूक झाली की तिला मोरीत कोंडायचे, दिवा घालवायचे आणि बाहेरून सांगायचे, नळ सोड आणि त्याच्याखाली बस, मला पाण्याचा आवाज आला पाहिजे. हिवाळ्यातसुद्धा. ती बसायची. आई दाराबाहेर उभी राहून हळूच म्हणायची, मी आहे गं इथे. हे सांगताना तिचा चेहरा कोरडा होता. सर म्हणाले, "सोमवारपासून या."

इथे सरांना माफ करायला जागा नाही. सोमवारी ही मुलगी छताकडे तोंड करून पडणार आणि तिचे ओठ आपल्याला दिसणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. तिचा आवाज आपल्या कानाच्या पार पलीकडचा आहे, हेही. त्यांनी मनाची समजूत घातली, की मुख्य गोष्ट आज कळलीच आहे, बाकी सगळ्या तिच्याच तर फांद्या असणार. हुशार माणूस स्वतःला फसवायला बसला की कसलीही कसर ठेवत नाही.

ती येत राहिली. आठवड्यातून चार तास, वर्षामागून वर्ष. सर टाळू बघत, हात बघत, "हं" म्हणत. ती कामात हुशार निघाली, रुग्ण तिच्याशी बोलत. सर बायकोला म्हणाले, "ही पोरगी पुढे माझी खुर्ची चालवेल."

शेवटच्या हिवाळ्यात तिचं बोलणं बदलल्याचं सरांना दिसलं. ऐकू आलं नाही, दिसलं. आल्याबरोबर ती घाईने बोलायला लागायची, हात एकमेकांत पिळायची, पायांची बोटं तासभर आखडलेली. सरांना वाटलं, मोरी वर येतेय. चांगलं आहे, येऊ दे, मध्ये पडायचं नाही. एके दिवशी तर ती कोपरावर उठली आणि रीत मोडून मागे वळून थेट सरांकडे पाहू लागली. वळेपर्यंत तिचं बहुतेक बोलून झालं होतं. सरांना शेवटचेच ओठ मिळाले: "मी काय करू?"

सर म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

ती परत आडवी झाली आणि रडली. त्यानंतरच्या तासांना तिचे हात शांत होते. ती रडली त्या संध्याकाळी घरी चहा घेताना सर बायकोला म्हणाले, "आज एक जण मोकळी झाली." बायकोने विचारलं, "तुम्हाला काय माहीत?" ती मुद्दाम त्यांच्या समोर येऊन बोलायची, म्हणून हे त्यांना कळलं. त्यांनी कप उचलून घेतला आणि पेपर उघडला.

इस्पितळाच्या मागच्या बाजूला पुरुषांचा जुना वॉर्ड होता, ज्यांना न्यायला कोणी येत नाही अशांचा. तिथे एक टेलरमास्तर होते. दिवसभर खाटेवर बसून हवेत सुई चालवायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्याचं वितीने माप घ्यायचे. कोणाला त्रास नव्हता. फक्त पहाटे ते ओरडायचे, गिऱ्हाईक आलंय, दुकान उघडा. वॉर्डबॉय लोकांची झोप मोडायची. मग त्यांनी उपाय काढला. ओरडणाऱ्याला न्हाणीघरात न्यायचं, नळाखाली बसवायचं आणि बाहेरून कडी घालायची. गप्प झाला की काढायचा. मास्तर गप्प व्हायला वेळ लावायचे. त्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ झाला, आणि कोणी नीट लक्ष देईपर्यंत मास्तर गेले.

एरवी हे तिथेच जिरलं असतं. पण नुकतीच बदलून आलेली एक सिस्टर गप्प बसेना. तिने मास्तरांचे ओले कपडे पिशवीत घालून थेट डीनच्या टेबलावर नेऊन ठेवले. वर्तमानपत्रात आलं. चौकशी समिती नेमली गेली: डीन स्वतः, प्रशासन अधिकारी, आणि अध्यक्ष म्हणून सर. "सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेणारा माणूस हवा," डीन म्हणाले, "तुमच्याशिवाय कोण?"

चौकशीच्या खोलीत सरांनी साक्षीदाराची खुर्ची खिडकीसमोर, उजेडात मांडून घेतली. बाकीच्यांना त्यात मानसशास्त्र दिसलं. सरांना ओठ दिसायला हवे होते, एवढंच.

वॉर्डबॉय आधी कानावर हात ठेवून बसले. मग त्यांच्यातला मोठा म्हणाला, "आम्हालाच कशाला धरता? छोट्या मॅडमना सगळं माहीत होतं. रोज सकाळी राऊंडला यायच्या. मास्तरांचे कपडे ओले असायचे, ओठ निळे पडलेले. मॅडमनी हात लावून बघितलंय. त्या काही बोलल्या नाहीत, मग आम्हाला वाटलं, चालतंय."

छोट्या मॅडमला बोलावलं. ती उजेडात बसली.

"तुम्ही पाहिलं होतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो."

"मग कळवलं का नाही?"

"मला वाटलं, मला दिसतंय तेवढं ते नाहीये. माझ्याच मनातलं मी तिथे बघतेय. लहानपणी माझ्या बाबतीत असं झालं होतं. नळ, थंडी, बंद दार. मला वाटलं, मला सगळीकडे तेच दिसायला लागलंय."

"असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

तिने सरांकडे पाहिलं. क्षणभरच. "कोणी नाही," ती म्हणाली. "माझं मला समजलं."

सरांना कोपरावर उठून मागे वळलेली ती आठवली. नंतर अधिकाऱ्यांनी काय काय विचारलं, ते त्यांनी पाहिलंच नाही.

दुपारी त्यांनी तिला खोलीत बोलावलं. ती सवयीने कोचाकडे निघाली. सरांनी हाताने समोरची खुर्ची दाखवली. ती बसली आणि आधीच म्हणाली, "सर, काळजी करू नका. खोलीतलं खोलीत राहील. तुमचं नाव मी घेणार नाही."

"तुम्ही मला काय सांगितलं होतं?" सरांनी विचारलं. "पुन्हा सांगा."

तिला ही सरांचीच एक पद्धत वाटली. तिने आज्ञाधारकपणे सांगितलं. "मास्तरांचे ओले कपडे. दंडावरचे बोटांचे वळ. एकदा त्यांनी माझ्या खांद्याचं माप घेतलं आणि म्हणाले, मॅडम, तुम्हाला कोट शिवतो, थंडी फार आहे. हे सगळं मी तुम्हाला दर तासाला सांगत होते. मी विचारलं, सर, हे खरं आहे, की ही माझ्या बाबांची मोरी आहे? खरं असेल तर मी काय करू? तुम्ही म्हणालात, तुम्हाला काय वाटतं." ती थांबली. "मग मी विचार केला. मला वाटलं, हे खरं असतं तर सर गप्प बसले नसते. सर उठून वॉर्डात गेले असते."

ती उत्तराची वाट बघून, नमस्कार करून गेली. तिला हा नेहमीचाच तास वाटला असणार.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती त्यांच्यासमोर बसून होती, तोंडावर हात ठेवून. मग तिने हात काढला, कारण हाताआडचं त्यांना कळलं नसतं.

"सांगून टाका," ती म्हणाली.

"सगळं जाईल."

"काय जाईल? एक माणूस गेलाय, अहो! एक पोरगी जातेय. तुमचं काय जायचं राहिलंय?" तिचा चेहरा लाल झाला होता. "इतकी वर्षं मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. घरातल्या घरात झाकलं, बाहेर कोणाला कळू दिलं नाही. माझंही चुकलं. पण निदान त्या पोरीला तरी कळू दे, तिचं डोकं ठिकाणावर होतं. तिने जे पाहिलं ते खरं होतं आणि तिने ते योग्य माणसाला सांगितलं होतं. तिचं काही चुकलं नव्हतं."

सर म्हणाले, "उद्या सांगतो." आणि या वेळी त्यांनी खरंच तसं ठरवलं होतं. या माणसाविषयी चांगलं सांगण्यासारखं जे थोडंफार आहे, त्यात हे धरायला हरकत नाही.

आधी तिलाच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. समितीच्या बैठकीआधी, सकाळी, त्याच खोलीत. "मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

ती जराशी हसली. सर काही खोल बोलतायत, असं तिला वाटलं.

"म्हणजे कानांनी," सर म्हणाले. "मी बहिरा आहे. ओठ वाचतो. तुम्ही कोचावर असताना तुमचे ओठ मला दिसत नव्हते."

हसू तसंच थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं, काढून ठेवायला विसरल्यासारखं. "कधीपासून?"

"तुम्ही येण्याआधीपासून."

"म्हणजे माझं..."

"पहिल्या दिवसाचं सगळं कळलं. तुम्ही समोर होतात. नंतरचं नाही."

"काहीच नाही?"

"आवाज यायचा. शब्द नाही."

ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मग तिने मान वर केली आणि विचारायला लागली, एकेक करून, घरातून चोरी झाल्यावर माणूस कपाटं उघडून बघतो तशी. "माझ्या धाकट्या भावाचं सांगितलं होतं ते?" सरांनी मान हलवली. नाही. "मी एकदा खूप हसले होते, थांबतच नव्हते. तुम्ही पण हसला होतात." सर हसले होते, तिचं पोट हलताना बघून. नाही. "आई गेली तेव्हा?"

तिची आई गेली, हेच सरांना माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते तिला दिसलं.

"त्या आठवड्यात मी एकही तास चुकवला नव्हता," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाशी मी बोललेच नाही. मला वाटलं, सरांना सांगितलंय ना, बस झालं."

सरांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्यांनी त्या पुसल्या नाहीत, कारण डोळ्यांवर हात नेला असता तर ती काय बोलतेय ते कळलं नसतं. "मी आज समितीला सांगणार आहे," ते म्हणाले. "तुम्ही तुमच्या विभागप्रमुखाला सगळं वेळेवर सांगितलं होतं, हे सिद्ध होईल. तुम्ही सुटाल."

"नको."

"तुमचं डॉक्टर राहणं त्यावर अवलंबून आहे."

"मला कळतंय." ती उठून उभी राहिली, पण तोंड त्यांच्याकडेच ठेवलं, त्यांना दिसावं म्हणून. इतक्या लवकर ते तिच्या अंगवळणी पडलं होतं. "माझी चूक झाली आणि मास्तर गेले, हे मी जन्मभर सोसेन, सर. चूक माणसाकडून होते. पण मी इतकी वर्षं इथे पडून छताला सांगत होते, हे मला सोसणार नाही. नको. तुम्ही सांगू नका."

सरांनी तरी सांगितलं. समितीपुढे उभे राहून, स्वच्छ शब्दांत: मला ऐकू येत नाही, या डॉक्टरने मला हे महिनाभर सांगितलं, मला ते कळलं नाही, दोष माझा आहे. अधिकाऱ्यांनी डीनकडे पाहिलं. डीन अवघडून हसले.

"सर," डीन म्हणाले, "गेला आठवडाभर तुम्ही प्रत्येक साक्षीदाराला नेमके प्रश्न विचारताय. आम्ही बघतोय ना."

"मी ओठ वाचतो."

"विद्यार्थिनीसाठी जीव तुटतो, समजू शकतो मी. पण हे म्हणजे..." पुढचं ते अधिकाऱ्यांकडे वळून बोलले, ते सरांना मिळालं नाही. अधिकारी मान डोलवत होते, चेहऱ्यावर आदर होता. ज्या माणसाच्या ऐकण्यावर परिषदा भरल्या तो बहिरा, हे मानायला कोणी तयारच नव्हतं. मग अधिकारी म्हणाले, "सोपं आहे. त्यांनाच विचारू."

छोटी मॅडम आत आली. उजेडातल्या खुर्चीत बसली. तिला विचारलं गेलं, तुम्ही हे सरांना सांगितलं होतं का? सर म्हणतायत, त्यांना ऐकू येत नाही.

तिने सरांकडे तोंड केलं. अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली, म्हणजे त्यांचा एकही चुकू नये.

"सरांना ऐकू येतं. मी आजवर जे बोलले ते सगळं त्यांनी ऐकलंय. वॉर्डाचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं."

कानाचा विभाग खालच्याच मजल्यावर होता. 'चला माझ्याबरोबर खाली,' एवढं म्हणायचं. चहा थंड व्हायच्या आत सगळ्यांची खात्री पटली असती, तिची नोकरी वाचली असती, आणि ती खोटं बोलली हेही तिथल्या तिथे ठरलं असतं. सरांनी तोंड उघडलं. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर फक्त एक विनंती होती, की निदान हे तरी ऐका.

सरांनी ऐकलं. ते खाली बसले. डीनने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. अधिकाऱ्यांनी निकालाचा कागद पुढे ओढला आणि तिचं पद लिहून त्यापुढे तिला सेवेतून कमी करायचं लिहिलं. अध्यक्षाच्या सहीसाठी कागद सरांकडे आला, तेव्हा हे सगळं आपल्या किती सोयीचं झालंय, हे त्यांना पुरतं कळत होतं. त्यांनी सही केली.